न पाहिलेला समुद्र

टेंभुर्णी, ४ मे १९९४, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सुधाकर बायको-पोरांना घेऊन चार दिवस निवांत मालवणला चाललाय आणि बापाला घर राखायला ठेवतोय. वर म्हणतो, "बाबा, तुमचा तर समुद्र पाह्यलेला हाय. पोरं धिंगाणा घालतेत, तुम्हाला बिलकुल आराम न्हाई भेटायचा."

पाहिलेला म्हणे. वर्गात समुद्राची कविता शिकवताना ती थाप मीच मारली होती. हा तेव्हा पहिल्या बाकावर बसून ऐकत होता. आता कोणत्या तोंडानं खरं सांगू? आणि चिडू तरी कुणावर?

तेवढ्यात नात मांडीवर येऊन बसली. "आजोबा, लाटा कशा असतेत?"

मी मूर्ख, पुन्हा रंगवून सांगत सुटलो. सुधाकर दारात उभा राहून कौतुकानं ऐकत होता.