हत्तीचा चौथा पाय

मंगळवार, नऊ तारीख.
सकाळी दूध तापवलं, उतू गेलं नाही. कपडे वाळत घातले. जिन्यातला दिवा बदलला. दुपारी हत्तीचा चौथा पाय पुन्हा उसवून काढला.

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आहे आणि तुम्ही चढताच, असं तुमच्या भाचीकडून कळलं. (माझी लेक मला तुमच्या तक्रारी सांगते आणि तुम्हाला माझ्या. त्यामुळे आपल्याला एकमेकांना फारसं काही विचारावं लागत नाही.) तिची स्वतःची तब्येत उत्तम आहे, बाळही पोटात जोरात लाथा मारतं म्हणे. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. मान सोडली तर बाकी फारसं काही दुखत नाही. मानेचं पुढे येईलच.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अहो भाऊजी, ते हत्तीचे तुकडे आहेत तसे माझ्याकडे पाठवून द्या. मी सगळं उसवते आणि पहिल्यापासून नीट विणते. बाळ यायच्या आत होऊन जाईल." मी "बरं" म्हणालो. फोनवर मला "बरं" सोडून फारसं काही सुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे पत्र आणि सोबत पार्सल. पण हत्तीची ही अवस्था कशी झाली, ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

ही गेल्यावर तिची विणकामाची पिशवी उघडली, तेव्हा त्यात निघालं ते असं: धड, डोकं, सोंड, दोन कान, शेपूट आणि तीन पाय. सगळं सुटं, आणि आतून रिकामं. डोक्याला मात्र डोळे होते. तुमच्या धाकट्या बहिणीची ही सवय तुम्हाला कधीच पसंत नव्हती. तुमचं म्हणणं, डोळे सगळ्यात शेवटी, डोकं भरून झाल्यावर, म्हणजे एका रेषेत येतात. तिचं म्हणणं, डोळे आधी. "आपण त्याचं काय करतोय, ते त्याला दिसायला नको का?" त्यामुळे तिच्या प्रत्येक प्राण्याचा एक डोळा जरा वर गेलेला असतो. हा हत्तीही तसाच निघाला. आपण काहीतरी बोललो आणि ते त्याला पटलं नाही, अशा नजरेनं तो बघतो. उन्हाळाभर ते डोकं कपाटावरून माझ्याकडे तसं बघत होतं. एकदा मी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मग मला जेवण जाईना. उठून पुन्हा फिरवलं आणि ठरवलं की हा हत्ती आपणच पुरा करायचा.

मी जन्मभर नकाशांच्या कचेरीत काम केलेला माणूस. तेव्हा आधी हत्तीचा आराखडा काढला: समोरून, बाजूनं आणि वरून. मग तिचे तीन पाय पट्टीनं मोजले. ताई, तिन्ही वेगळे. एक लांब, एक जाड आणि एकाला मध्येच गुडघ्यासारखा फुगवटा (हा तुमच्या माहेरकडून आला असावा). मी तिघांची सरासरी काढली आणि त्या मापाचा पाय विणायला घेतला.

विणायला मी मोबाइलवर बघून शिकलो. शिकवणारी बाई फार गोड बोलते, पण तिचे हात कुणासाठी थांबत नाहीत. शिवाय टाके मोजत असतानाच सगळ्या जगाला माझी आठवण होते. एकदा लेकीचा फोन आला, तेव्हा मी "हॅलो"च्या जागी "सव्वीस" म्हणालो. "बाबा, सव्वीस काय?" म्हटलं, "तू फक्त लक्षात ठेव." मग तिनं तिचं सगळं सांगितलं, मी माझं थोडं सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता तीच म्हणाली, "तुमचे ते सव्वीस घेऊन जा."

पाय झाला. पण माझा हात फार घट्ट आहे. पाय टेबलावर ठेवला की वाजतो. मऊ व्हावा म्हणून धुऊन दोरीवर टाकला, तर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तो पाहिला. "मनगटाला बांधता वाटतं? दुखतंय का?" हत्तीचा पाय आहे, हे सांगण्यापेक्षा मला "हो" म्हणणं सोपं वाटलं. तेव्हापासून ते रोज माझ्या मनगटाची चौकशी करतात. त्यांनी एक मलमही आणून दिलं आहे. आता त्यांच्या दारावरून जाताना मनगट धरून जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हल्ली ते थोडं दुखतंही.

भरायला कापूस हवा होता. घरात उशी होती. हत्ती दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो, हे मला भरायला घेतल्यावर समजलं. धड भरेपर्यंत उशीचा रुमाल झाला, आणि सकाळी मान उजवीकडे वळेना. डॉक्टरांनी विचारलं, "उशी बदललीत का?" म्हटलं, "नाही, हत्ती भरला." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरी आणखी कोण असतं?"

जोडणीचंही सांगतो. डोकं धडाला शिवलं, बारीक टाक्यांनी, मन लावून. झाल्यावर टेबलावर ठेवलं, तर हत्ती आपल्याच शेपटीकडे बघत होता. डोळे आधी केल्याचा काय उपयोग? सगळं त्याच्या समोर चाललं होतं, त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं. मग पाय लावले. तिचे तीन पाय लावले तेव्हा तो चहाच्या डब्याला टेकून मुकाट उभा राहिला. माझा चौथा लावला आणि डुगडुगायला लागला. तो काढून दुसरा विणला, मग तिसरा. माप दर वेळी अगदी बरोबर, आणि हत्ती दर वेळी डुगडुगतो. आजही तेच झालं.

थोडक्यात, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पाय सगळे एका हातचे हवेत. पार्सल उद्या निघेल. जिने चढू नका.

आपला,
भाऊजी

ता. क. पार्सल उघडल्यावर तुम्ही रागवाल, म्हणून आधीच लिहितो. त्यात हत्ती नाही. मी आजवर विणलेले सगळे चौथे पाय आहेत, आणि तिच्या राखाडी लोकरीचा उरलेला गुंडा. माझे पाय खुशाल उसवा, लोकर वाया जायला नको. तिचे तीन पाय आणि तो वर गेलेला डोळा मी कुणालाही उसवू देणार नाही. फोनवर "बरं" म्हणालो होतो, ते परत घेतो.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. चौथा पाय तुम्ही विणा. तिला सुया धरायला तुम्हीच शिकवलंत. तुमचा आणि तिचा हात एकच आहे, असं ती म्हणायची (जरा तक्रारीनंच, पण म्हणायची). तेवढा एकच पाय हवा. माप पाठवत नाही. फक्त एक विनंती, थोडा चुकवून विणा. तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. पण अगदी बरोबर झाला, तर तो पुन्हा डुगडुगेल.

ता. क. तिसरा. पाय आला की शिवायचं माझ्याकडे. तिला सुईचं नाक दिसेनासं झाल्यापासून रोज सकाळी दिवसभराच्या सुया मी ओवून ठेवायचो. ती गेली तेव्हाही काही ओवलेल्या होत्या, तिच्या त्या छोट्या गादीला टोचून ठेवलेल्या. हत्ती मी त्यांनीच शिवला. आता त्यातली एक उरली आहे, ती तशीच राहू देणार आहे. तुमच्या पायासाठी दुसरी लागेल. पाय यायला वेळ आहे, पण ओवून ठेवलेली बरी. अजून उजेड आहे. पाकीट चिकटवतो आणि खिडकीपाशी सुई ओवायला बसतो.