शाल, नारळ आणि माझी पाच मिनिटं

ती. सौ. वन्संना,

कालिंदीचा वाकून नमस्कार. मलकापूरच्या थंडीत गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? इकडं सगळे बरे आहेत. आईंना जरा कमी ऐकू येतं (म्हणजे आपण हळू बोलतो तेवढंच येतं). फोन सोडून पत्र लिहितेय, यावरून काहीतरी लपवलंय हे तुम्ही ओळखलंच असेल.

गेल्या रविवारी कागलला वास्तुशांतीला जाते असं आईंना सांगितलं आणि गेले राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात, पायथनवाल्यांच्या मेळाव्याला. पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची भाषा. शाळेच्या ऑफिसात रोज सकाळी रजेवरच्या शिक्षकांचे तास कुणी घ्यायचे यावरून माझ्या टेबलाशी भांडणं होतात (गेल्या वर्षी दोन बाई माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलत नव्हत्या). म्हणून दोन वर्षं मधल्या सुट्टीत शिकून मी ते तास वाटून देणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो दाखवायला मेळाव्यात पाच मिनिटं मिळाली होती. आईंना खरं का सांगितलं नाही? त्या नको म्हणाल्या नसत्या. 'कशासाठी?' एवढंच विचारलं असतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

वास्तुशांत म्हटल्यावर काठापदराची साडी आली. तिनंच घोळ केला. मेळावा भरवणारा ऋतुराज पुण्याच्या प्रमुख पाहुण्या अवनी मॅडमना आणायला स्टँडवर गेला होता, आणि दारात फेटा बांधून उभे होते त्याचे वडील अप्पा, कार्यालयाचे मालक. साडी बघून त्यांनी प्रवास बरा झाला का विचारलं. मी (केएमटीच्या बसनं तीन किलोमीटर, बराच झाला होता) हो म्हणाले. पाच मिनिटांत मी व्यासपीठावर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. दोनदा खुलासा करायला तोंड उघडलं, तर एकदा हातात समईची काडी आली आणि एकदा पेढा. खरी अवनी रिक्षानं परस्पर आली. पंचविशीची, पाठीला सॅक. तिला अप्पांनी खुर्च्या मांडायला लावलं. ऋतुराज परतला तो मला बघून जागीच थिजला, पण अवनीनं त्याला खालूनच गप्प राहायची खूण केली.

एकेक जण बोलून जात होता. नारळाची निम्मी शेंडी मी उपटून काढली. मग सहावं नाव पुकारलं, माझं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. वन्सं, क्षणभर वाटलं, गप्प बसावं, पाहुणी म्हणून जेवावं आणि घर गाठावं. पण मग ती दोन वर्षं कुणाची? ऋतुराजनं यादीवर काट मारायला पेन काढलं, तशी मी उठले.

"बसा की मॅडम," अप्पा म्हणाले, "तुमचं शेवटाला हाय."

"अप्पा, मी पावणी न्हाय. कालिंदी मीच."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. शालीकडं बघत म्हणाले, "घातलेली शाल काढत न्हाईत. बोला तुम्ही."

अवनीनं माझ्या लॅपटॉपला वायर जोडून दिली. प्रोग्रॅमनं पहिल्याच फटक्यात पाचवी 'ब'चा पीटीचा तास मुख्याध्यापकांना दिला. लोक पुन्हा हसले. अवनीनं मात्र हे कुणी लिहिलं विचारलं, आणि मी 'मी' म्हणाले. हा शब्द असा मोठ्यानं किती दिवसांत उच्चारला नव्हता.

असो. कानाला खडा. असली धडपड पुन्हा नाही.

तुमची,
कालिंदी

ता. क. : आईंनी शाल बघितली. कागलला पावणीला देतात, असं सांगितलंय. कुणी विचारलं तर सांभाळून घ्या.

ता. क. २ : कानाला खडा लावल्याचं खोडून वाचा. अवनीनं पुढच्या महिन्यात पुण्याला बोलायला वीस मिनिटं दिलीत. दोन दिवस आईंजवळ याल का? आणि कारणही तुम्हीच सांगाल का? मला जमत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आत अप्पांचा माफी मागायला फोन आला. आईंनी घेतला. अर्धा तास बोलल्या, सगळं नीट ऐकू आलं. मग मला म्हणाल्या, "लेकीला लिवतीस, आन् मला वास्तुशांत व्हय? आधी मला दाव." चष्मा लावून त्या लॅपटॉपसमोर बसल्यात. मी चहाच्या निमित्तानं ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. पुढच्या महिन्याचं राहू द्या, पत्र मिळताच या.