शेवंतीच्या कुंडीशेजारी

प्रिय आकांक्षा,

फोनवर तू सापडत नाहीस. मेसेज केला तर तो पिवळा अंगठा पाठवतेस. तेव्हा म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. तुझ्या 'झोपाळा कोर्ट' मालिकेबद्दल इथले लोक काय बोलतात हे तुला खरंखरं कुणी सांगत नसणार, तिकडे सगळे पाठ थोपटणारेच असतील. मी थोरली बहीण. पाठीत धपाटा घालायचा हक्क मला जन्मानंच मिळालाय. आणि हे पत्र आईबद्दल आहे, ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर अर्ध्यावर 'नंतर वाचू' म्हणून बाजूला ठेवशील.

साडेसात वाजले की आमची जठारपेठेतली गल्ली ओस पडते. फुलांचं दुकान तुझ्या भाऊजींवर, गजेंद्रवर सोडून मी वर येते. शेजारच्या तानुबाई येतात, त्यांची सून मोनाली येते, आणखी चारदोन जणी येतात. आई भिंतीला टेकून बसते, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून गजरे ओवत. काळा कोट घातलेला तुझा जज्ज झोपाळ्यावर बसला की तानुबाई हात जोडतात, खरोखर जोडतात. निकाल काय लागणार हे आम्ही आधी ओळखायचं, लहानपणी भुलाबाईची गाणी झाल्यावर झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचो तसं. जी चुकेल तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा करायचा. पळून गेलेल्या डाव्या चपलेवर उजवीनं खटला भरला तेव्हा मोनालीला हसून हसून ठसका लागला. विहिरीनं मोटरपंपाला कोर्टात खेचलं, त्यानंतर तानुबाई मोटर लावण्याआधी विहिरीला नमस्कार करू लागल्या. गजेंद्रचा एक वकील मित्र आहे, त्याला त्याचा अशील विचारत होता म्हणे, आपल्या जज्जसाहेबांना झोपाळा काहून देत नाही? तारीख तर तारीख, निदान झुलत तरी मिळेल.

तेव्हा कौतुक पुष्कळ आहे. भांडणही आहे. तू मुलाखतीत 'मी अमरावतीची' म्हणतेस, त्याचा अकोल्याच्या लोकांना राग येतो. पातूरच्या मळ्यात जन्मलेली पोरगी अमरावतीची कशी, असं आमचं गिऱ्हाईक माझ्याशी तावातावानं भांडतं, जणू मीच तुला तिकडे नेऊन सोडलं. मी हार बांधून देते आणि पैसे मोजून घेते. आता त्या शेवंतीच्या भागावर येते.

त्या दिवशी आईच सगळ्यात आधी हसली, हे तुला माहीत असावं. पडद्यावर ती माळीण आली, खाली बसली, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवला, आणि आई ओरडली, "हे तं मीच हाय वं!" तिला इतका आनंद झाला की हातातला गजरा सुटला. माहा पाय टीव्हीत आला, माहा पाय टीव्हीत आला, असं ती तानुबाईंना सांगत राहिली. मग त्या नटीचा डावा डोळा गळायला लागला आणि ती पदराच्या त्याच त्या टोकानं तो पुसायला लागली. गल्लीतल्या बाया लोटपोट झाल्या. नटीनं छान केलं, खोटं कशाला बोलू. आईच्या त्या डोळ्याला गुलाबाचा काटा लागला होता. तू तेव्हा अमरावतीला शाळेत होतीस, त्यामुळे तो का गळतो हे तुला कुणी सांगितलं नसेल. गळतो एवढं तू सुट्टीत येऊन पाहून ठेवलंस आणि जपून वापरलंस.

मग शेवंतीचं रोप साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं. हिरव्या साडीतली ती बारकी मुलगी म्हणाली, मी माझ्या वाफ्यात सुखात होते, या माळणीनं मला, मूळ झाडाच्या कोवळ्या फुटव्याला, काढलं आणि आपल्या बहिणीच्या अंगणात नेऊन लावलं, मला कुणी विचारलं होतं का? आमच्या खोलीतलं हसू एकदम थांबलं. तानुबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आपल्या घरातली गोष्ट त्यांना ठाऊक आहेच. अमरावतीच्या मावशीला मूल नव्हतं, तिनं पदर पसरला आणि आईनं सहा वर्षांच्या तुला तिच्या पदरात टाकलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ती गोष्ट झोपाळ्यावर बसून अख्ख्या महाराष्ट्राला सांगणं वेगळं.

निकाल प्रेक्षकांनी मिस्ड कॉल देऊन लावायचा, ही तुमची पद्धत. एक नंबर दोषीचा, एक निर्दोषचा. रोपाला रडू फुटलं तोवर मोनालीनं दोषीला फोन लावलाही होता. नंतर ती मला म्हणाली, ताई, माझ्या लक्षात नाही आलं हो. इतर जणींनी लक्षात येऊनही लावला. तुझं लेखन चांगलं आहे ते हेच. ज्या बाईच्या हातचा चहा पिऊन बसल्या होत्या, तिलाच त्यांनी दोषी ठरवलं, आणि डोळे पुसत ठरवलं. मग आईनं तिचा जुना फोन माझ्यापुढे धरला. "माहं मत लाव. मी दोषीच हाय." नंबर लागत नव्हता, सगळा महाराष्ट्र तिला दोषी ठरवण्यात गुंतला होता. ती म्हणाली, लागेपर्यंत लाव. मी लागेपर्यंत लावला. मग माझ्या फोनवरून माझंही मत दिलं. मीही दोषीच दाबलं.

का ते सांगते. तुझ्या त्या भागात मागे, वाफ्यात, आणखी एक झाड उभं होतं, मूळ झाड. पिवळी साडी नेसलेली एक मुलगी, आईच्या मागे, हातात टोपली. तिला तू एक वाक्य दिलं नाहीस. मी पूर्ण वेळ तिच्याकडेच पाहत होते, आता बोलेल, मग बोलेल. शेवंतीचं तुला सांगायला नको, माळ्याच्याच पोटची तू. फुटवा नव्या जागी लावला की जोमानं फुलतो, आणि त्याच त्या वाफ्यात ठेवलेल्या झाडाची फुलं दर साली बारीक होत जातात. आईनं तुला दिलं कारण तू लहान होतीस आणि तुझे हात अजून कामाचे नव्हते. मला ठेवलं कारण माझे चालत होते. मी दहा वर्षांची, पहाटे हार बांधायला बसायची, आणि तू गेलीस त्याच वर्षी माझी शाळा सुटली. तू सुट्टीत पांढरे बूट घालून यायचीस आणि चिखल लागतो म्हणून बांधावर उभी राहायचीस. मला तुझा राग यायचा. अजून येतो. नकोशी होतीस म्हणून तुला दिलं असं तू जगाला सांगितलंस, आणि जगानं तुझ्यासाठी रुमाल काढले. हवीशी होते म्हणून मी काय कमावलं, यावर एखादा भाग लिहायला तुला सुचलं नाही.

असो. तुझ्या जज्जानं झोका घेत शिक्षा सुनावली: माळणीला मुळासकट उपटा आणि शेवंतीच्या कुंडीशेजारी लावा, जन्मभर. टाळ्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतली पोरं आईला पाहिलं की ओरडायला लागली, "माळणीले उपटा!" दुकानात लोक तिचा अंगठा बघायला यायचे. कॉलेजच्या मुली मोबाईल धरून समोर बसायच्या, आजी, तो डोळा पुसून दाखवा न. ती दाखवायची. एकीनं सांगितलं, थोडं रडून पण दाखवा. आईनं तेही करून दाखवलं. मी त्या मुलीच्या अंगावर पाण्याची बादली रिकामी केली आणि गजेंद्र माझ्यावर चिडला, गिऱ्हाईक तोडतेस म्हणून.

पण आईला या कशाचंच काही नव्हतं, कारण तिच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. तू तिची ठेवण ओळखतेस का, मला शंका आहे. लेकीच्या दारी बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि लेकीच्या घरचं फुकटचं खाऊ नये, हे तिचं जन्माचं ठरलेलं. बाबा गेले, पातूरचा मळा विकला, मुलगा नाही, म्हणून ती माझ्याकडे आली, आणि ताट वाढायच्या आधी दोन गजरे ओवून ठेवते ती आजतागायत. तुझ्या घराचं बोलावणं तिला कधी आलं नव्हतं. ते आता आलं, अशी तिची समजूत झाली. पोरगी तोंडानं कशी म्हणणार, म्हणून तिनं जज्जाच्या तोंडून म्हटलं: कुंडीशेजारी लावा. तिनं दोन पातळं धुऊन इस्त्री करून घेतली. दोऱ्याचं नवं रीळ आणलं. तिकडे शेवंती मिळते का, असं मला रोज विचारायची. ती नुसती गंमत होती, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. म्हटलं, तू फोन करशील. जिनं एवढं लिहिलं ती एक फोन तर करेल. तुला मी किती वेळा फोन केला ते तुझ्या फोनमध्ये असेल.

मग तुझी ती गप्पांची मुलाखत लागली. तो पोरगा तुला विचारतो, शेवंती म्हणजे तुम्हीच ना? आणि तू मान मागे टाकून हसतेस आणि म्हणतेस, छे, सगळं काल्पनिक, माझी आई तर फार मायाळू होती, तिला जाऊन आता चार वर्षं झाली. मावशीबद्दल बोलत होतीस, कळतं मला. मावशीनं तुझं सगळं केलं, तिला आई म्हणायचा तुला अधिकार आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आई माझ्या शेजारी बसली होती. अंगठ्यातला दोरा तिनं सोडवला. तानुबाईंनी आवाज बंद केला. मला वाटलं आता ही कोसळणार, आणि खरं सांगते, थोडं बरं वाटलं, कारण एवढी वर्षं तिला तुझं वेड होतं. ती कोसळली नाही. दोरा पुन्हा अंगठ्यात अडकवत म्हणाली, "बराबर हाय तिचं. तिची माय गेली. मंग मी मावशी म्हणून जातो."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. अदलाबदल झाली होती ती तिनं मान्य करून टाकली, एवढंच. त्या रात्री ती पोटभर जेवली. मी नाही जेवले.

आता हे पत्र का लिहिलं ते. आमच्या दुकानाशेजारचा इस्त्रीवाला श्रावण भावाकडे तुझ्या मुंबईला निघालाय, त्याच्यासोबत मी आईला गाडीत बसवतेय. बोलावणं खोटं होतं हे मी तिला सांगितलेलं नाही. ते काम तुझं, तूच लिहिलंस, तूच खोडून दाखव. दारावर नाव विचारलं असेल तर तिनं तुझी मावशी म्हणूनच सांगितलं असेल. तिला ओवायला फुलं आणून दे, नाहीतर ती ताटाला हात लावणार नाही. तुझ्या बाल्कनीचा फोटो मासिकात आला होता, कुंड्या पुष्कळ आहेत, शेवंती एकही नाही. एक आणून ठेव. परत पाठवायचा विचार असेल तर सांगते, हे वाचशील तोवर तिचा पलंग मी काढून टाकलेला असेल आणि तिथं फुलांच्या टोपल्या असतील. तिला उपटताना मी विचारलं नाही, तुलाही नाही. मला कोणी विचारलं होतं? हे पत्र ज्या बाईनं तुझ्या हातात दिलं तिला अक्षरओळख नाही. यात तिची औषधं आणि आमची खुशाली लिहिली आहे, असं मी तिला सांगितलंय. ती आत्ता तुझ्यासमोर बसून तुझ्या तोंडाकडे बघत असेल. तेवढं तिला वाचता येतं. तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत हसतमुखानं वाच.

तुझीच, वाफ्यात राहिलेली,
संध्याताई