वाढ्याचं लपण

१२ डिसेंबर १९९४
वनखात्याचे साहेब एक जानेवारीला आपल्या धरणावर पक्षी बघायला येणार. त्याच दिवशी या काठासाठी मानद पक्षिमित्र नेमणार. पगार नाही, पण बिल्ला आहे. उमेदवार दोन : मी आणि विज्ञानाचे काळे सर. काळे सरांना पक्षी ओळखता येतात, एवढंच. मला जिव्हाळा आहे. मुक्या जिवांना माणूस बरोबर कळतो.
चित्रकला शिक्षक असल्याने पाटी आजच रंगवून टाकली : शलमोन त्रिभुवन, मानद पक्षिमित्र. अक्षरं झकास.

१४ डिसेंबर, पहाटे
काठावर गेलो. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा. मी दिसताच उडाला. मागोमाग बदकं. एक बगळा राहिला होता, तोही गेला. दोष पांढऱ्या शर्टाचा.

१७ डिसेंबर
शर्ट बदलला. उडाले. दोष चष्म्याच्या काचांचा.
कायमचा उपाय : लपण. पुस्तकात लिहिलंय, लपायची झोपडी परिसरातल्याच हिरवळीने झाकावी. परिसरात ऊसतोड चालू आहे. उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाढं पाहिजे तेवढं. काळे सरांना हे जन्मात सुचणार नाही.

१८ डिसेंबर, रविवार
उपासना चुकवली. लपणाला बांबू हवे होते. नाताळच्या चांदणीसाठी आणलेले घरात होतेच. एलिझाबेथ म्हणाली, मग चांदणी काय माझ्या डोक्यावर टांगू? म्हणालो, निसर्गासाठी थोडा त्याग करावा बायकोने. ती आत जाऊन भांडी आपटू लागली. पटलं असावं.

२१ डिसेंबर
लपण तयार. आत बसलं की मी मलाच दिसत नाही.

२२ डिसेंबर
एक भिंत गायब. वारा. नवं वाढं लावलं.

२३ डिसेंबर
दोन भिंती गायब. वारा एवढा नीटनेटका नसतो. हे काळे सरांचं काम. शाळेत त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२४ डिसेंबर
लपणाशेजारी, पाणी ओसरलेल्या गाळात, चांगुणाबाईंचा हरभरा आहे. त्या तांब्याभर दूध देऊन गेल्या. म्हणाल्या, "म्हस आता दोनी टायमाला बादली भरती, मास्तर. तुमचे लई उपकार हायेत." म्हशीचा आणि माझा काय संबंध? पण गावाला अभ्यासू माणसाची कदर आहे, हे खरं. संकल्प : रोज ताजं वाढं, उद्यासुद्धा.

२५ डिसेंबर
ख्रिस्ती आळीत आमच्याच घरावर चांदणी नाही. पास्टरांनी कारण विचारलं. एलिझाबेथने नुसतं धरणाकडे बोट दाखवलं. वाईट वाटलं. बिल्ला मिळाला की वाटणार नाही.

१ जानेवारी १९९५, संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो. पुढे गैरसमज नको.
अंधारातच लपणात जाऊन बसलो. उजाडताना थवा आला आणि चरत चरत अगदी जवळ आला. डोळे दिसत होते त्यांचे! मला रडूच फुटलं. मागे बांधावर साहेब आणि काळे सर दुर्बीण लावून उभे.
तेवढ्यात चांगुणाबाईंची म्हैस आली आणि रोजच्या सवयीने भिंत खाऊ लागली. मी दबक्या आवाजात दटावलं. तिने छप्पर ओढलं. थव्यातला एकही पक्षी तिला बघून हलला नाही. शेवटी मी उभा राहिलो आणि सगळं पाणी रिकामं झालं.
हरभऱ्यातून चांगुणाबाई ओरडल्या, "हाकलू नगा मास्तर, लई माया हाय तिची तुमच्यावर!"
साहेबांची दुर्बीण माझ्याकडेच होती.

३ जानेवारी
बिल्ला काळे सरांना. सांगायला स्वतः घरी आले. पाटी एलिझाबेथने दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून घेतली. बांबू परत आणून चांदणी टांगायला काढली. म्हणालो, नाताळ होऊन गेला. म्हणाली, चांदणी बघत बाळ येशूकडे निघालेले मागी लोक तरी कुठे वेळेवर पोचले होते? काळे सरांनी कौलांवर चढून बांधून दिली. मी खालून बांबू धरला.

६ जानेवारी, पहाटे
दार उघडलं तर चांदणीखाली म्हैस उभी. खायला लपण उरलं नाही, म्हणून शोधत आली असेल. मी तसाच पुढे गेलो. पांढरा शर्ट, चष्मा, सगळं होतं.
पळाली नाही.