वांग्याचा देठ

बुलढाणा

प्रिय रुख्मिणी,

जयभीम. ऑपरेशन झालेला डोळा चांगला आहे, काळजी करू नको. आपली बाळंतीण लेक मंजुश्री अन् तिचं लेकरू कसं आहे? तुले झोपू देते का?

काल प्रेमानंदनं मले गल्लीतल्या नव्या हॉटेलात नेलं. तिथं हिवाळ्याचे नवे पदार्थ खडूनं फळ्यावर लिहिले होते. हुरडा, सोल्यांची आमटी, वांग्याचं भरीत. मी उभा राहून शाळेतल्या कवितेसारखं चालीवर वाचलं.

"बाबा, बसून वाचा ना, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. पाठ झाली मले."

भरीत आपल्यासारखं तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं नव्हतं, पण बरं होतं. प्रेमानंद फोनवर बोलायले बाहेर गेला, अन् मी सवयीनं देठ काढून समोरच्या रिकाम्या ताटलीत ठेवला, तुले चोखायले आवडतो म्हणून. वाढणाऱ्यानं खरकटं समजून उचलून नेला.

इथं सगळे मले जपतात. तरी शेतातली वांगी संपायच्या आत मले आपल्या गावी, वरवटले आणून सोडायले तूच प्रेमानंदले सांग. मी म्हटलं तर तो विचारतो, "काऊन बाबा, इथं काय कमी आहे?"

त्याले देठाचं कसं सांगू?

तुझाच,
इंद्रभान