बिरोबाचा डोंगर पडद्यावर

मुकुंदवाडी

चि. रामेश्वर यास दादाचा आशीर्वाद.

मी बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

मी चहापाणी बघतो त्या ऑफिसात मोबाइलचे खेळ बनवतात. परवा साहेबांनी मला आपल्या बिरोबाच्या डोंगराचं वर्णन विचारलं. मी सांगितलं ते त्यांनी संगणकात लिहिलं, आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला. मी चप्पल काढून हात जोडले. पोरं म्हणाली, "काका, नारळ आणू का?"

इथं चार ओळींत डोंगर होतो, आणि तिथं खरा डोंगर क्रशरवाल्यांनी निम्मा खाल्ला.

आई मेंढ्या अजून तिकडंच नेते म्हणे. ते सुरुंग लावतात, तिला जाऊ देऊ नकोस. ती म्हणेल, देवाला एकटं कसं सोडू? सांग, देव शहरात दादापाशी आलाय. खोटं बोलल्याचं पाप मी घेतो.

तुझा दादा,
सूर्यभान