आतड्याची पावडर

राहाता, गुरुवार, दिवेलागणीला

महिनाभर एकच गोष्ट खटकतेय. ह्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या, जेवणाआधी ताकातून ती आतड्याची पावडर सुरू केली, आणि शुगर तरीही आटोक्यात? कशी? कपाटातली गोळ्यांची पट्टी मी रोज बघते, एकही गोळी कमी होत नाही. आणि शिर्डीच्या दुकानात हे प्रसादासोबत पावडरचे डबेही विकतात. गिऱ्हाइकांना सांगतात, "आतडं साफ ठिवा, शुगर आपसूक उतरती. मी गोळीला हातबी लावत न्हाई."

आज चमचा शोधायला ह्यांचा डबा उघडला, तर पावडरीत खुपसलेली दुसरी पट्टी. त्याच गोळ्या. निम्म्या संपलेल्या.

आधी जीव भांड्यात पडला. चला, नवरा गोळ्या घेतोय. खरंच बरं वाटलं, लिहायलाही लाज वाटते. कारण मग शेजारच्या वच्छलाकाकू आठवल्या. ह्यांना त्या भाऊ म्हणतात. परवाच म्हणाल्या, "भाऊंचं ऐकून मीबी शुगरच्या गोळ्या बंद केल्या बघ. निसती पावडर घेती. पन लई तहान लागती गं, रातीचं चारदा उठावं लागतं."

मी काय म्हणाले? ऊन फार आहे काकू, म्हणाले. मला तेव्हाच संशय होता ना? मग तोंड का उघडलं नाही?

आत्ता हे ताकाचा पेला घेऊन स्वयंपाकघरात आले. "माझा डबा कुठंय?"

"वच्छलाकाकूंना दाखवायला नेला होता," म्हटलं. "तिथंच ठेवून आले. पट्टीसकट."